दाराबाहेर न गेलेली ॲलर्जी

दोब्रिंकाबाईंना सगळ्यात आधी खटकलं ते कालोयानचं खाणं. रालित्सानं घरून आणलेली बानित्सा, म्हणजे चीज भरलेली भाजलेली पोळी, तो बोटं चाटत खात होता आणि तोंडातला घास न गिळताच तिच्यावर आळ घेत होता.

"वॉर्डातल्या संगणकाच्या पडद्यावर ॲलर्जीचा रकाना कोरा. नर्सला वाटलं, ॲलर्जी नाही. स्पिरिदोन आजोबांना पेनिसिलिन टोचलं, म्हातारा मरता मरता वाचला. पडदा हिचा. उद्यापासून ही घरी."

रालित्सा भिंतीला टेकून उभी होती. प्लोव्दिवच्या रुग्णालयाचे संगणक सांभाळणाऱ्या त्या कचेरीत तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून तिनं दोब्रिंकाबाईंना आणलं होतं. बाईंचं शिक्षण लहानपणीच सुटलं होतं, पण गावातल्या चोऱ्या त्याच उकलायच्या. जावई प्लामेन संगणकाचं समजावून सांगायला सोबत.

"सासूबाई, सर्व्हर म्हणजे स्वयंपाकघर. कालोयान तिथे रुग्णाची माहिती डब्यात भरतो. तुम्ही गावाहून बसनं बरण्या पाठवता ना, चिठ्ठी लावलेलीच बरणी ड्रायव्हर उचलतो. तसंच हे. खूण केलेलंच बाहेर जातं. मग रालित्सा ते पडद्यावर मांडते."

"माझ्या डब्यात पेनिसिलिनची ॲलर्जी नोंदलेली होती," कालोयाननं आपला संगणक वळवला. "बघा."

होतीच. प्लामेननं मान हलवली. "मग पोरीचंच चुकलं."

"गप बसा, जावईबापू."

"मावशी, मी महिनाभर पडद्याच्या मांडणीला हात लावलेला नाही," रालित्सा म्हणाली.

बाईंनी वॉर्डातल्या पेन्का नर्सला स्पीकरवर फोन लावला.

"शुक्रवारपासून ॲलर्जी कोरी, नातेवाइकांचे नंबरही कोरे," पेन्का वैतागली होती. "स्पिरिदोन आजोबांच्या लेकीला शोधता शोधता जीव गेला. पण तेव्हापासून पडदा झटकन उघडतो हं. आम्ही कालोयानला चॉकलेटं पाठवली."

"त्याचा इथे काय संबंध?" कालोयान म्हणाला.

"जावईबापू, त्या डब्यात सगळ्यात जड काय?"

"याद्या. ॲलर्जीची आणि..." प्लामेन थांबला. "नातेवाइकांची."

"आता पोरीच्या दाराशी आलेला डबा उघडा."

प्लामेननं रालित्साच्या संगणकावर तो उघडला. दोन्ही याद्या आलेल्याच नव्हत्या.

"पोरीच्या हातून एक वस्तू सांडली असती तर समजलं असतं," बाई म्हणाल्या. "दोन जड वस्तू एकदम गेल्या, आणि त्याच दिवसापासून पडदा पळायला लागला. ह्यानं डबा हलका करायला दोन्ही चिठ्ठ्या काढल्या. बरण्या घरातच राहिल्या. म्हणून मघाशी त्यानं आपल्याला फडताळ दाखवलं, बसमध्ये काय चढलं ते नाही."

कुणी काय कधी बदललं, ती नोंद प्लामेननं कालोयानच्या संगणकावर उघडून पाहिली. खुणा शुक्रवारीच पुसल्या होत्या, कालोयानच्याच नावानं.

"नंतर परत लावणार होतो," कालोयान पुटपुटला.

बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चूक कुणाच्याही हातून होते रे. पण म्हातारा ऑक्सिजनवर गेला तेव्हा तुला कळलं होतं, आणि तरी तू चॉकलेटं खाल्लीस, हिची बानित्सा खाल्लीस, वर हिची नोकरीही खायला निघालास. ते ताट खाली ठेव. आजोबांच्या लेकीला फोन लाव, आणि माझ्यासमोर, हिच्यासमोर, तुझं स्वतःचं नाव सांग."