चालठसा

भिकाजी कुबल वारल्याला तीन पावसाळे उलटले होते, आणि आज सकाळी 'जागल' या पहारा-यंत्रणेने त्यांना वेळगावच्या खाडीसमोर होडी हाकताना ओळखलं. त्यांच्या बायकोला, शेवंताला, पोलिसांची गाडी थेट मासळीबाजारातून उचलून किनारा-नियंत्रण केंद्रात घेऊन आली. हात धुवायलाही तिला कोणी वेळ दिला नाही.

पडद्यावर एक ठिपका सरकत होता आणि त्याच्या शेजारी तिच्या नवऱ्याचं नाव होतं.

"बसा, काकू," जागल घडवणाऱ्या डॉ. मिथिला अभ्यंकरांनी खुर्ची पुढे केली. "नौदलाचं रडार, पोलिसांचे कॅमेरे, बंदरातली यंत्रं पूर्वी आपापल्यापुरतं बघायची. आता ती सगळी जोडलीत. होडीचा रंग बदलता येतो, नंबर बदलता येतो. पण सुकाणूवरच्या हाताची सवय बदलत नाही. कुठे वळायचं, कुठे वेग तोडायचा, हे बोटांच्या ठशासारखं ज्याचं त्याचं. त्याला आम्ही चालठसा म्हणतो."

शेवंताला जागल ठाऊक होती ती वेगळ्या कारणाने. होडी किनाऱ्याला लागली की घरच्या फोनवर निरोप यायचा. भिकाजी परतले नाहीत त्या दिवशी ती फोन हातात धरून बसून राहिली होती. निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर त्यांचा देह आला.

"मेलेल्या माणसाचा ठसा चोरून कोणीतरी आत घुसतंय," नौदलाचे कमांडर रणदिवे म्हणाले. "होडीवर ओळखयंत्रही नाही. ती थांबवायला मी माझा होकार दिलाय."

यंत्राला प्रश्न पडत नाही, थेट संशयच येतो. जागलने बिनमाणसांची गस्तीनौका सोडलीही होती. ती दुरूनच होडीचं इंजिन बंद पाडणार होती, आणि वाटेतल्या कासवखडकाजवळच्या लाटांत बंद होडी म्हणजे फळकुटांचा ढीग. पण जागल सैन्याची तशी मुलकी खात्याचीही होती. दोघांच्या होकाराशिवाय हुकूम सुटू नये, ही अट मिथिलाने जोडणीच्या वेळी भांडून घालून घेतली होती. मुलकी बाजूने तिचा होकार बाकी होता.

ठिपका खडकाशी आला, डावीकडे वळला आणि मंदावला.

शेवंता ताडकन उठली. "वैजू! माझी वैजू आसा ती!"

"तुमची मुलगी? ठसा तर भिकाजींचा आहे."

"माझो दीर थय बुडलो. हे दर खेपेक होडी हळू करून डब्यातलो पयलो घास तेका देयत. वैजू ल्हान असताना ह्यांच्या मांडयेर बसान सुकाणू धरूक शिकली. बापाची बंद होडी काढल्यान चेडवान, माका न सांगता!"

"कशावरून ते स्वतः नाहीत?" रणदिवेंनी विचारलं.

"मी माझ्या हातान न्हाणलंय तेंका," शेवंता म्हणाली.

मिथिलाला आपली चूक लख्ख दिसली. सवय एका हाताची असते, असं ती धरून चालली होती. ती शिकवता येते, हे तिच्या गणितात कुठेच नव्हतं. तिने नकाराची कळ दाबली. रणदिवे क्षणभर ठिपक्याकडे बघत राहिले, मग त्यांनी गस्तीनौका मागे वळवली.

ठिपका पुन्हा वेगाने निघाला. काही वेळाने धक्क्यावरच्या कॅमेऱ्यात दिसलं, ओढणी कमरेला खोचलेली एक मुलगी दोर बांधत होती. शेवंता रडत होती आणि त्याच दमात लेकीला शिव्याही देत होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. निरोप होता: 'भिकाजी कुबल सुखरूप किनाऱ्याला पोचले.'

मिथिला ओशाळली. "माफ करा काकू. ही नोंद मी आत्ता दुरुस्त करते."

"नको. ऱ्हवांदे."

"पण मग जागलला तुमची मुलगी आणि तिचे वडील वेगळे ओळखता येणार नाहीत. उद्या तिच्या पोरांनीही असंच सुकाणू धरलं तर?"

"तर माका इचारूक येवा," शेवंताने डोळे पुसले. "मी नसलंय तर वैजूक इचारा."

आणि तीन वर्षं उशिरा आलेला तो निरोप छातीशी धरून ती लेकीला बोलणी घालायला धक्क्याकडे निघाली.