फिरत्या पाटीवरची चिठ्ठी

घारीनं त्याच्या हातातला ओनिगिरी अलगद उचलून नेला, आणि मला हसू आवरलं नाही.

ओतोहामाच्या धक्क्यावर उघड्यावर बसून कुणी खात नाही. आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून खातो, नाहीतर डोक्यावर छत्री धरून. हा मात्र मे महिन्याच्या लख्ख दुपारी धक्क्याच्या ऐन मध्यावर मांडी घालून बसला होता, भाताचा तो गोळा हातात धरून समुद्राकडे बघत. घार मागून आली आणि त्याच्या गालाला पंख घासून गेली. तो रिकाम्या हाताकडे बघत राहिला. बोटाला एक शीत तेवढं चिकटलं होतं. त्यानं ते खाल्लं.

"हसताय?" त्यानं मला विचारलं.

"नाही हो... म्हणजे, हो."

"आत आंबट लोणचं होतं. तिला चालेल?"

"तिला सगळं चालतं. गेल्या महिन्यात आमच्या पोस्टमनचा चष्मा नेला होता."

"मग?"

"आवडला नसावा. देवळाच्या छपरावर टाकून दिला."

तो इतका मोकळा हसला, की मीही पुन्हा हसले. हातात वाळवलेल्या बांगड्यांचं ताट होतं, आणि घरी आई वाट बघत होती. तरी मी उभीच. त्याचं नाव शुहेई. होड्यांचा सुतार. आमच्या जत्रेची जुनी नाव कुजली होती, म्हणून आमच्या आळीतल्या कुरामोतोआजोबांनी त्याला सहा महिन्यांसाठी आपल्या होड्या बांधायच्या शेडमध्ये बोलावलं होतं, नवी नाव बांधायला.

"मी सायोरी," मी म्हटलं.

"सायोरी? म्हणजे तो मासा?"

"बाबा कोळी आहेत. मी जन्मले त्या दिवशी जाळ्यात सायोरीच सायोरी आले होते."

"छान मासा आहे. सडपातळ, चंदेरी..." त्यानं डोळे बारीक केले. "आणि पोटातून काळाकुट्ट."

"ओळख होऊन पाच मिनिटं नाही झाली—"

"मी कापलाय म्हणून सांगतोय."

मी फणकाऱ्यानं निघाले. दहा पावलांवर मागे वळून पाहिलं, तर तो उभा राहून वाकून नमस्कार करत होता. मलाही वाकावं लागलं, आणि त्या नादात ताटातला एक बांगडा खाली पडला. घारीची चंगळ झाली.

घरी येऊन बघते तर काय, शेजारचं चार वर्षं बंद असलेलं घर उघडं होतं आणि खिडकीत याचाच टॉवेल वाळत होता.

आमच्या आळीत बारा घरं. महिन्यातून तीन-चारदा एक फिरती पाटी निघते. चिमट्याला सूचना लावलेल्या असतात, गटारं कधी साफ करायची, भूकंपाचा सराव कधी, कुणाकडे वर्षश्राद्ध आहे. वाचायचं, कागदावर आपल्या घराचा शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या घराच्या दाराला अडकवायची. आळीचे प्रमुख कुरामोतोआजोबा. पाटी त्यांच्याकडून निघते, पहिलं घर आमचं, दुसरं शुहेईचं, मग उरलेली नऊ, आणि शेवटी पुन्हा आजोबांच्या शेडमध्ये.

पहिलीच पाटी शुहेईनं नऊ दिवस ठेवून घेतली. गटारं साफ करायला त्या रविवारी आई आणि आजोबा असे दोघंच आले. आईनं मला त्याच्याकडे पिटाळलं.

"पाटी कुठाय?" मी दारातूनच विचारलं.

त्यानं ती भिंतीवर खिळ्याला टांगली होती. "मला वाटलं, नवीन माणसाला भेट देतात. इतक्या प्रेमानं कागद लावले होते."

"मोठ्या शहरात वाढलात ना?"

"सव्विसाव्या मजल्यावर. तिथे पाट्या चढत नाहीत."

पुढच्या वेळी पाटी त्याच्या दाराला लावताना मी वर एक चिठ्ठी खोचली. 'आजच पुढे द्या. नऊ दिवस नकोत.' त्यानं ती काढून घेतली आणि पाटी पुढे दिली. त्यानंतर प्रत्येक पाटीबरोबर चिठ्ठी गेली. पण गंमत अशी, की पाटी उलटी फिरत नाही. त्याला मला उत्तर लिहायचं असतं, तर ते नऊ घरं हिंडून आलं असतं. म्हणून उत्तर द्यायला तो स्वतः यायचा. कुंपणावरून टांग टाकून, आमच्या मासे वाळवायच्या जाळ्यांपाशी.

"चिठ्ठीत लिहिलंयत की माझं गाणं ऐकून बांगडे लवकर वाळतात."

"पळून जायला बघतात बिचारे."

"मग मीठ कमी पडलं असेल." आणि तो बाही सरसावून माझ्याशेजारी बसायचा, मिठाच्या पाण्यातून मासे काढून जाळीवर मांडायला. सुताराची बोटं. एकेक बांगडा मापून ठेवल्यासारखा ओळीत. सप्टेंबरात एकदा वादळाची सर अचानक आली. आम्ही दोघं जाळ्या उचलून शेडकडे धावलो, एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. आत आल्यावर जाळी खाली ठेवायची दोघांनाही आठवण राहिली नाही. पत्र्यावर पाऊस धडाधड वाजत होता. त्याच्या पापणीवर थेंब होता... तो मी पुसावा असं इतकं मनात आलं, की मी घाईनं म्हटलं, "मासे मोजा." त्यानं खरंच मोजले. चौसष्ट होते.

ऑक्टोबरात नवी नाव पाण्यात उतरली. जत्रा झाली, ढोल वाजले, सगळे नाचले. आणि चार दिवसांनी शुहेईला शहरातल्या मोठ्या जहाजबांधणी कारखान्यातून बोलावणं आलं. कायमची नोकरी. आजोबांकडचे सहा महिने महिनाअखेरीस संपत होते.

"उद्या जाऊन बघून येतो," तो कुंपणापलीकडून म्हणाला. आज टांग टाकली नव्हती. "दहाच्या बसनं."

"छान नोकरी आहे," मी म्हटलं.

"हो."

"मोठी जहाजं."

"हो." त्यानं कुंपणाची एक सैल फळी दाबून बसवली. "त्यांनी विचारलं तरी. इथे मला कुणी राहा म्हटलेलं नाही."

मी काय करावं? मी मान डोलावली. आमच्या गावात कुणी कुणाला 'राहा' म्हणत नाही. दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये, कुणावर आपलं ओझं टाकू नये, हेच ऐकत मोठे होतो आम्ही. निरोपाला धक्क्यावर उभे राहतो, बोट दिसेनाशी होईपर्यंत हात हलवतो, आणि घरी येऊन भांडी घासतो. मीही त्याच मातीची. पण त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उजाडताच, नशिबानं, दाराला नवी पाटी लटकलेली. मी मोठा कोरा कागद घेतला आणि ब्रशनं लिहिलं, 'शुहेई-सान, जाऊ नका.' खाली नाव लिहायची काही गरज नव्हती. ते पण लिहिलं. कागद सगळ्यात वर लावला, पाटी त्याच्या दाराला अडकवली आणि पळत घरी आले. वाजले होते साडेसहा.

नऊ वाजता बघितलं, पाटी दारावर नव्हती. त्यानं वाचलं. मी एकाच बांगड्याला दोनदा मीठ लावलं. दहा वाजले. बस गेली. तो आला नाही. अकरा... बारा. बरं, वाचून गेला म्हणजे उत्तर मिळालंच की. मी डोळे पुसले. मिठाचा हात डोळ्याला लागला, मग खरंच रडू आलं.

अडीच वाजता आई केस कापून परत आली. शुहेईच्या पलीकडचं घर ताकिगावाकाकूंचं, त्यांचंच केशकर्तनालय आहे. आई माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होती.

"शुहेई-सान सकाळी सहालाच गेले म्हणे. कुरामोतोआजोबा टेम्पो घेऊन तिकडेच निघाले होते, त्यांनी स्टेशनवर सोडलं," ती म्हणाली.

"सहाला? मग पाटी?"

"घर बंद असलं की पुढच्या घरानं येऊन पाटी न्यायची, एवढं तुला माहीत नाही? काकूंनी सकाळीच नेली." आईनं चपला नीट लावून ठेवल्या. "शिक्काही मारला म्हणाल्या."

"कशावर?"

"सगळ्यात वरच्या कागदावर. पाटीवर आलं की शिक्का मारायचाच, नाही का?"

मी तशीच, एप्रनसकट, सायकलवर बसले. आमची पाटी नऊ घरं फिरायला आठवडा घेते. आठवडा. म्हणजे फार तर दोन घरं गेली असेल. अजूनही कागद काढून घेता येईल, तो यायच्या आत, सगळ्या गावाच्या आत.

ताकिगावाकाकू दारातच उभ्या होत्या, हातात कात्री. "अगं, मी लगेच मुरोईंना दिली. असली सूचना अडकून पडायला नको, नाही का?"

मुरोई टोफूवाले टोफूच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. "गेली की. मी स्वतः पळत जाऊन दिली."

"तुम्ही पळत?"

"गेली बारा वर्षं पळालो नव्हतो. आणि शिक्क्याशेजारी लिहून पण टाकलंय, रोज एक लादी टोफू नेणारं गिऱ्हाईक मला सोडायचं नाहीये."

मी पुढे. प्रत्येक दारात तेच. आत्ताच गेली. आत्ताच. एका आजींनी तर हात हलवून सांगितलं, की त्यांनी दोनदा शिक्का मारलाय, त्यांच्या बहिणीच्या वतीनंही. तिसऱ्या गल्लीच्या चढावर सायकलची साखळी निघाली. ती बसवताना हात काळेकुट्ट झाले. सगळं गाव माझ्या पुढे पळत होतं आणि मी माशाचा वास मारत मागे. लाज वाटायला हवी होती. वाटतही होती. पण खरं सांगते, त्या चढावर धापा टाकताना आतून काहीतरी उड्या मारत होतं. जे मला सहा महिने बोलता आलं नव्हतं, ते नऊ घरांनी वाचलं होतं आणि आकाश कोसळलं नव्हतं.

शेडपाशी पोहोचले तेव्हा पावणेचार झाले होते. तीन-चाळीसची बस येऊन गेली होती. शुहेई दारात उभा होता, खांद्याला पिशवी. आणि कुरामोतोआजोबा, पाटी दोन्ही हातांनी धरून, त्याच्यासमोर.

"आजोबा, थांबा. तो कागद—"

"तुझं घर बंद होतं म्हणून पाटी फिरून आली," आजोबा त्याला म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. "वाच."

त्यानं वाचलं. फार वेळ लागला. माझे दोन शब्द आणि खाली लाल शिक्क्यांची गर्दी. मी सायकलचं हँडल धरून उभी.

आजोबांनी घसा साफ केला. "माझं वय चौऱ्याहत्तर. माझ्यामागे ही शेड चालवशील का, हे तुला विचारायचं पहिल्या महिन्यापासून मनात होतं. तरुण माणसाला कशाला अडकवा, म्हणून जीभ आवरली. आज सकाळी स्टेशनवर सोडतानाही आवरली. या पोरीनं अख्ख्या आळीत पाटी फिरवून विचारलं, तर आता मी गप्प बसलो तर म्हातारपणाला शोभायचं नाही." एवढं एका दमात बोलून ते लगबगीनं आत गेले आणि उगाचच काहीतरी ठोकत बसले.

शुहेईनं पिशवी खाली ठेवली. "कारखाना चांगला आहे," तो हळूच म्हणाला. "होकार अगदी ओठावर आला होता. पाचपर्यंत फोन करून सांगा म्हणाले."

"मी... ती चिठ्ठी फक्त तुमच्यासाठी होती."

"माहीत आहे."

"सगळ्यांनी वाचली."

"दिसतंय. मुरोईंना माझा टोफू प्रिय आहे." तो जवळ आला. हसत नव्हता. "आजोबांनी तोंडानं विचारलं. तुम्ही लिहून विचारलंत. मला फोन करायचाय, सायोरी. काय सांगू?"

माझ्या मागे गल्लीच्या तोंडाशी ताकिगावाकाकू कात्रीसकट उभ्या होत्या, मुरोई होते, दोनदा शिक्का मारणाऱ्या आजी होत्या. कुणीच आमच्याकडे बघत नव्हतं. सगळे अगदी मन लावून समुद्र बघत होते.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. आवाज फुटला, मग मोठा झाला. "इथे राहा. शेडसाठी नाही, टोफूसाठी नाही... माझ्यासाठी राहा. मला तू आवडतोस. सप्टेंबरात पाऊस पडत होता तेव्हाच सांगायचं होतं, तर मी तुला मासे मोजायला लावले."

"चौसष्ट होते," तो म्हणाला. "मोजताना मी तीनदा चुकलो. सारखं तुझ्याकडेच लक्ष जात होतं."

"मग सांग ना काहीतरी."

"मला इथून जायचंच नव्हतं, वेडे. कुणी थांबवलं असतं तर ना." त्यानं माझा हात धरला, साखळीच्या तेलानं काळा, माशांच्या वासाचा, आणि दुसऱ्या हातानं फोन काढला.

पलीकडे कुणी मोठे साहेब असावेत. शुहेई एकदम ताठ झाला. "आपण मला एवढा मान दिलात," तो म्हणाला आणि कमरेतून वाकला, फोनवरच, समोर नुसता समुद्र असताना. "पण मला माफ करा." पुन्हा वाकला. "माझं काम इथेच आहे. आणि माझं माणूसही." आणखी खोल वाकला. पण माझा हात काही त्यानं सोडला नाही. त्यामुळे तो वाकला की मीही वाकत होते, त्या न दिसणाऱ्या साहेबांना, एकदा, दोनदा, पाचदा, आणि दर वेळी वर येताना त्याची नजर माझ्या नजरेला भिडायची आणि आम्हा दोघांना हसू दाबणं कठीण व्हायचं.