निवायच्या आधी

जुन्या चौकात पुतळे उभे करायचं ठरलं आणि साचेवाल्याला म्हातारपणी काम मिळालं. शिल्पकार बाई बाहेरगावची. तिचं म्हणणं असं, की इथलीच हाडामांसाची माणसं प्लॅस्टरमध्ये उतरवायची, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी चौकातल्या मनोऱ्याखाली उभी करायची आणि उन्हाळा सरला की फोडून टाकायची.

अंगावर ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या चढवल्या की त्या घट्ट होताना आपोआप तापतात, मग निवतात. निवलं की कवच मागून कापून काढायचं, सांधायचं, झाला पुतळा. पुरतं निवल्याशिवाय हात घालायचा नाही, हा साचेवाल्याचा जन्माचा नेम.

बायकोच्या वेळी तो मोडला. ती हौसेनं उभी राहिली होती. "नाक नीट काढा हं, नाहीतर घरी येऊ नका," म्हणाली. पण तोंडावर पट्ट्या चढल्या तशी घाबरून थरथरू लागली. त्याला राहवेना. गरम असतानाच त्यानं कवच ओढून काढलं.

पुतळे उभे राहिले. बघायला गर्दी लोटली.

"वहिनी इथं तरी गप्प उभ्या आहेत," चहावाला म्हणाला.

साचेवालाही हसला.

मग बायकोला थंडी वाजू लागली. भर उन्हाळ्यात ती स्वेटर घालून बसायची. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. तिचा हात धरला की फरशीला हात लावल्यासारखं वाटायचं. बोलणंही आटलं. विचारलं तर "हं", तेही उशिरानं.

एके सकाळी चौकातून जाताना सवयीनं त्यानं तिच्या पुतळ्यावर तळहात ठेवला. प्लॅस्टर गरम होतं.

ऊन लागलं असेल, तो मनाशी म्हणाला. पण ऊन अजून मनोऱ्याच्या पलीकडेच होतं. शेजारचे पुतळे गारढोण होते. त्यानं तिच्या नाकाखाली बोट धरलं. बोट ओलसर झालं.

हे कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, म्हातारा चळला. त्यानं तिला मनोऱ्याच्या भिंतीकडे वळवून उभं केलं, कुणाचा हात लागू नये म्हणून.

उन्हाळा सरला. मुकादम माणसं आणि घण घेऊन आला. पहिला पुतळा एका घावात कोसळला. साचेवाला बायकोच्या पुतळ्यापुढे येऊन उभा राहिला. हिचा फुटला तर घरातली... पुढचं त्याच्या मनात येईना.

"हा एवढा मला द्या."

"घरात एक आहे ना बुवा? दोघींचं ऐकायचं म्हणजे हाल होतील."

"द्या हो. पाया पडतो तुमच्या."

मुकादमाचं हसू मावळलं. त्यानं घण खाली ठेवला आणि स्वतःच पुतळा हातगाडीवर चढवायला हात दिला. उचलताना तो क्षणभर थबकला. पँटला हात पुसत निघून गेला, वळून न बघता.

साचेवाल्यानं पुतळ्यावर शाल पांघरली. सावकाश, खड्डे चुकवत, भर दुपारी गाडी घरापाशी आणली. बायको खिडकीत बसली होती, सकाळी बसवली तशीच. मांडीवर हात, डोळे मिटलेले.

"अगं, आणली बघ तुला," त्यानं खालून हाक मारली.

खिडकीत काही हललं नाही.

"अगं..."

"ओरडता कशाला?" शालीखालून त्याच्या बायकोचा आवाज आला. "इथंच आहे मी. आधी सांगा, आपल्या खिडकीत कोण बसलंय?"