आमचा नको, त्यांचा घ्या

हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार उघडलं आणि एक गुळगुळीत गुलाबी गोळा घरंगळत माझ्या पायाशी आला.

"पकडा... पकडा ना!" उघडी पेटी सावरत लिफ्टमधला तरुण ओरडला.

मी उचलला. "हे काय, खेळणं?"

"खुब्याच्या सांध्याचा गोळा. सिरॅमिकचा." मग हळूच, "किती अलगद धरलात..."

एरवी असल्या बोलण्याला मी भीक घालत नाही. पण माझ्या डोक्यात आईचा खुबाच होता. आई नाच शिकवते. खुबा झिजल्यापासून ती खुर्चीतूनच ताल द्यायची, आणि क्लास सुटला की गप्प होऊन जायची. सर्जनबाईंनी दोन कृत्रिम सांधे सुचवले होते. त्यातला एक नेमका याच्या कंपनीचा निघाला. हा तिथला इंजिनिअर!

कँटीनच्या टेबलावर त्याने पेटीतले दोन्ही नमुने मांडले; तुलना दाखवायला तो दुसऱ्या कंपनीचाही जवळ ठेवायचा. त्याच्या कंपनीचा साधा, एक गोळा आणि एक वाटी. दुसऱ्या कंपनीच्या सांध्यात गोळ्याच्या आत गोळा, दोन्ही फिरणारे.

"आई पाय कुठवर नेतात? दाखवा."

मी भर कँटीनमध्ये करून दाखवलं. चहावाले बघत राहिले. त्याने दोन्ही सांधे तसेच वाकवून पाहिले. दुसरा आरामात फिरला. त्याच्या कंपनीचा मात्र वाटीच्या काठाला अडला — टक्!

त्याने आपला नमुना पेटीत टाकला. "आमचा नको. त्यांचा घ्या."

"अहो, साहेब झापतील तुम्हाला!"

"झापू देत. पण आईंचा पाय निखळला, तर पुन्हा कुठल्या तोंडाने येऊ?"

"म्हणजे... पुन्हा यायचा विचार आहे?"

त्याचे कान लाल झाले. मी तिथेच प्रेमात पडले, सरळ सांगते.

सर्जनबाईंनाही ते पटलं. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, रुसवेफुगवे झाले. शेवटी बाईंनी नाचायला परवानगी दिली, तेव्हा मी त्यालाही क्लासवर बोलावलं. तो दाराशीच उभा राहिला, श्वास रोखून.

आईने खुर्ची बाहेर काढायला लावली. पाय उचलला, वाकली... आणि सर्रकन गिरकी घेतली! मुलींनी टाळ्यांनी खोली डोक्यावर घेतली. मी तर रडतच होते.

आई धापा टाकत म्हणाली, "हा कोण गं, माझ्या पायाकडे डोळे फाडून बघतोय?"

"तुझा जावई," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "अजून त्याला विचारलेलं नाही."

"वि... विचारा ना," तो कसाबसा म्हणाला.

"लवकर विचार बाई," आईने पदर खोचला. "मला लग्नात नाचायचंय!"