एका फेरीत दोनदा

इस्राएली लोकनृत्याने जग जिंकलं आहे. टोकियोत ऑफिस सुटल्यावर सूट घातलेली माणसं हातात हात धरून गोल फिरतात. ब्यूनोस आयर्समध्ये त्यासाठी मैदानं अपुरी पडतात. स्वीडनच्या थंडीत आणि ब्राझीलच्या उकाड्यात तीच क्लॅरिनेट हसत-रडत वाजते, आणि माणसं भाषा, धर्म, गुडघे सगळं विसरून एकाच दिशेने वाहू लागतात. अख्ख्या मानवजातीची पावलं अशी एका दिशेने पडल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात सापडायचं नाही.

लातूरमध्ये ती उलट्या दिशेने पडली.

त्याचं असं झालं. निवृत्त कृषी अधिकारी शंकरप्पा ठिबक सिंचन बघायला इस्राएलला गेले. ठिबकाबद्दल त्यांना परत येताना तेवढंच माहीत होतं, जेवढं जाताना होतं. पण शेवटच्या संध्याकाळी समुद्राकाठी दोनेकशे माणसं गोल नाचताना दिसली, कुणीतरी त्यांचा हात धरून आत ओढलं, आणि शंकरप्पा चाळीस गाणी पेन ड्राइव्हमध्ये घालून घरी आले. लातूरच्या एका मंगल कार्यालयात दर रविवारी सकाळी वर्ग सुरू झाला. पहिल्याच गाण्याला त्यांच्या थोरल्या बहिणीने, सरस्वतीबाईंनी, हात वर केला.

"शंकर, उलटं फिरून राहिलास."

"अक्का, तिकडं असंच हाय. देवाशी काय संबंध न्हाई त्याचा."

"तिकडं असंल. आपल्यात मधलं उजव्या हाताला ठेवून फिरतेत. उलटी फेरी मयताला."

"मधी देव कुठाय? स्पीकर हाय!"

"मग स्पीकर उजव्या हाताला ठेव."

झालं. पुढचं दीड वर्ष लातूरने स्पीकरला यथासांग प्रदक्षिणा घातल्या. गाणं मात्र अक्कांना पहिल्या दिवसापासून आवडलं. "हे वाजून राहिलंय ते रडून राहिलंय का हसून?" त्यांनी विचारलं होतं. शंकरप्पा म्हणाले, "दोन्ही." "मग आपलंच हाय," असा निकाल देऊन त्यांनी पदर खोचला.

नांदेडलाही असाच एक वर्ग होता, तो मात्र शिस्तीचा. तो चालवायची करिश्मा. कंधारची पोरगी, नांदेडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. कॉलेजच्या शिबिरात ती रीतसर शिकलेली. घड्याळाच्या उलट, सगळं जग फिरतं तशी.

हे दोन वर्ग डिसेंबरात लातूरला पहिल्यांदा एकत्र आले. मोठा गोल झाला, अर्धा लातूरचा, अर्धा नांदेडचा. शंकरप्पांनी बटण दाबलं. लातूर डावीकडे निघालं, नांदेड उजवीकडे. एका सांध्यावर शंकरप्पा आणि नांदेडचे एक निवृत्त पोस्टमास्तर पोटावर पोट आदळून बसले. दुसऱ्या सांध्यावर शंकरप्पांचा मुलगा रुद्रेश होता. ठिबकाच्या नळ्या विकणारा, एरवी मोजकं बोलणारा. त्याच्या हातात करिश्माचा हात होता, आणि दोघांना दोन शहरं दोन बाजूंना ओढत होती.

"सोडा की हात!" ती म्हणाली.

"तुम्ही सोडा."

"मी कशाला? आमची बाजू बरोबर आहे."

"आमची बाजू आत्याची हाय," रुद्रेश म्हणाला. "ती बरोबर नसली तरी सुटत न्हाई."

ती हसली... आणि हात सुटला. म्हणजे तिचा सुटला. रुद्रेशचा हात पुढे बराच वेळ तसाच हवेत होता.

शेवटी तोडगा निघाला. दोन गोल करायचे, एकात एक. आत लातूर, बाहेर नांदेड, ज्याने त्याने आपापल्या दिशेने फिरावं. आणि इथे लातूरच्या चुकीचं खरं मोल कळलं. सगळे एका दिशेने फिरले तर समोरच्याची पाठच दिसते. दोन गोल उलटसुलट फिरले तर मात्र दोन माणसं एका फेरीत दोनदा समोरासमोर येतात. खांद्याला खांदा घासण्याइतकी जवळ, आणि एका वाक्यापुरती.

"गाव कुठलं?" पहिल्या गाठीला रुद्रेशने विचारलं.

अर्धी फेरी. क्लॅरिनेट, टाळी, गिरकी.

"कंधार. तुमचं?"

अर्धी फेरी.

"शिरूर अनंतपाळ... आता लातूर."

अर्धी फेरी.

"पाऊल चुकून राहिलंय तुमचं."

"तुम्ही आलात की चुकतं," हे उत्तर त्याला सुचलं, पण तोवर पोस्टमास्तर समोर आले होते. ते उत्तर त्यांना मिळालं. त्यांनी मान डोलावली.

चहाच्या वेळी बोलता आलं असतं, असं वाटेल. पण चहाला बाया एकीकडे, बाप्ये एकीकडे, आणि मध्ये सरस्वतीबाई चिवडा वाढत. फोन नंबर? तोही मागून झाला. दोन्ही वर्ग आता महिन्यातून एकदा एकत्र यायचे. जानेवारीत नांदेडला तिने पहिले पाच आकडे दिले आणि गाणं संपलं. उरलेले पाच फेब्रुवारीत मागितले, तर म्हणाली, "पूर्ण नंबर मिळाला की तुम्ही फिरायचं सोडाल." रुद्रेशने महिनाभर मोबाइलकडे पाहून उसासे टाकले. नांदेडमध्येही कुणीतरी पाऊल मोजता मोजता मध्येच हरवायचं, पण ते त्याला कोण सांगणार?

मार्चमध्ये पुन्हा लातूर. शंकरप्पांनी सुरुवातीलाच जाहीर केलं, "पुढच्या महिन्यात पुण्याहून या नाचाचे गुरुजी येऊन राहिलेत. आपली दिशा बघितली तर हसतील. अक्का तयार झाल्या हायत. हे एक गाणं जुन्या पद्धतीनं. चहानंतर सगळे एका गोलात, एका दिशेनं."

एक दिशा म्हणजे गाठ नाही, रुद्रेशने हिशेब केला. गाणं सुरू झालं. पहिल्या गाठीला करिश्मा त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"उद्या चार वाजता बघायला येऊन राहिलेत. मुलगा पुण्याचा हाय."

अर्धी फेरी. तीस पावलं. या तीस पावलांत रुद्रेशने मनात एक अख्खं भाषण रचलं. ती समोर आली.

"ऊन वाढलंय," तो म्हणाला.

अर्धी फेरी.

"हाव," ती म्हणाली. "वाढणारच."

क्लॅरिनेटची लय वाढली. म्हणजे शेवट जवळ. आता फार तर दोन गाठी. ती आली... ओढणी खोचलेली, कपाळावर घामाचा एक थेंब...

"त्याच्या आधी आम्ही आलो तर? बघायला... म्हणजे मागायला."

तिचे ओठ हलले, आणि गोलाने तिला पुढे ओढून नेलं. आता अर्धी फेरी, मग उत्तर. दहा पावलं झाली. बारा...

लाइट गेली.

स्पीकर मध्येच गप्प. करिश्मा गोलाच्या पार त्या टोकाला. साठ माणसं एक पाय उचललेल्या अवस्थेत उभी.

"चला, चहा घ्या!" शंकरप्पा म्हणाले. "लाइट आली की नव्या दिशेनं सुरू."

रुद्रेशला बापाचा इतका राग आयुष्यात आला नव्हता. हात सुटू लागले. पोस्टमास्तर कपाच्या दिशेने निघालेही.

"थांबा!" सरस्वतीबाई कडाडल्या. "फेरी अर्धी सोडत न्हाईत."

"अक्का, गाणं बंद पडलं."

"तुमची तोंडं बंद पडली का?"

आणि त्यांनी टाळी धरली. गाण्याचे शब्द कुणालाच येत नव्हते. अक्कांनी 'ला ला' वर सूर लावला. क्लॅरिनेटपेक्षा जाड, पण रडणं-हसणं तेच. लातूरने टाळी उचलली. नांदेड घुटमळलं, कारण अशी फेरी त्यांच्या पुस्तकात नव्हती. मग त्या टोकाकडून एक टाळी आली. एकटी. ठाम. खेळाच्या तासाला पोरांना रांगेत उभं करणाऱ्या हातांची.

बाहेरचा गोल हलला.

अठरा पावलं उरली होती. रुद्रेशने ती कशी टाकली, त्याला आठवत नाही. ती आली, नजर वर करून.

"या."

एवढंच. आणि पुढे गेली. त्याला श्वास घ्यायचं सुचलं ते पुढच्या गाठीला, ती परत आली तेव्हा.

"पण चारच्या आधी."

अर्धी फेरी. आता सगळं लातूर गात होतं.

"आमच्या वडिलांना मी तुमचं जानेवारीतच सांगून ठेवलंय. पुण्याच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून ते आजच फोन करतील. तुम्हीच लई उशीर केला... तीन महिने झाले, मी नुसती फिरून राहिले!"

छातीवरची धोंड कुणी उचलून बाजूला ठेवावी, तसं रुद्रेशला वाटलं. अक्कांनी शेवटची टाळी वाजवली आणि दोन्ही गोल थांबले. या वेळी थांबले ते नेमके, तो इकडे, ती समोर. मध्ये पोस्टमास्तर नाहीत, चिवडा नाही. खिडकीतून ऊन तिच्या गालावर आलं होतं. तिने मान किंचित पुढे केली. अगदी हळू आवाजात म्हणाली,

"एक मागू?"

"मागा ना," तो म्हणाला. "काहीही मागा."

"जरा पाय उचला. माझ्या बोटांवर आहे तुमचा."