मेळदिवा

इस्पितळात प्रत्येक खाटेशेजारी आता मेळदिवा असायचा, त्यामुळे तिथं थापा मारायची सोय उरली नव्हती. बोलणाऱ्याचे शब्द आणि त्याचं शरीर एकच गोष्ट सांगत असतील तर दिवा हिरवा, नाहीतर पिवळा. मग बोलणारा रुग्ण असो की नातेवाईक. दिवा हिरवा झाल्याशिवाय रुग्णाचा होकार धरायचा नाही आणि नकारही नाही, असा कायदाच होता.

अण्णा खोतांचा दिवा सकाळपासून पिवळा होता.

"मला ऑपरेशन नको," अण्णा पुन्हा म्हणाले. त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. दिवा पिवळाच राहिला.

"म्हणजे ते खोटं बोलतायत?" त्यांच्या मुलीनं, शालननं विचारलं.

"खोटं असं नाही," डॉ. तळवलकर म्हणाल्या. हा दिवा त्यांनीच घडवला होता. "शब्द आपण निवडतो, जुळवतो. त्याला वेळ लागतो. पापणी, श्वास, आवाजातला कंप, बोटं ही त्याआधीच बोलून मोकळी होतात. माणसं एकमेकांचं हे बोलणं नकळत वाचतच असतात, दिवा फक्त ते मोजतो. मेळ नाही, एवढंच त्याला कळतं. का नाही, ते तुम्हीच शोधा. आणि लवकर, झडप फार थांबायची नाही."

शालनला स्वतःचाच राग आला. गावच्या पंगतीत तिनं किती वेळा वाढलं होतं. पाहुणा तोंडानं 'नको नको' म्हणतच असतो. ते खरं मानून पुढे गेलं तर बिचारा अर्धपोटी उठायचा. बघायचं असतं त्याच्या हाताकडे. खरंच नको असेल तर हात पानावर आडवा येतो. दुसऱ्या मोदकाला अण्णांचा हात कधी आडवा आला नव्हता. आणि या वेळी मात्र तिनं त्यांचे नुसते शब्द ऐकले होते.

"अण्णा, हात कुठाय तुमचा?"

अण्णांनी पाहिलं. हात चादरीवर उताणा पडला होता. ते ओशाळून हसले.

"तुझी नोकरी पुण्यात, पोरं लहान. माझं पथ्यपाणी कोण बघणार गो? म्हणून म्हटलं नको. जगायचंय मला. करा ऑपरेशन."

दिवा हिरवा झाला. शालनला इतकं सुटल्यासारखं वाटलं की तिला रडूच आलं.

"पण तुला त्रास होईल," अण्णा म्हणाले.

"छे, कसला त्रास?"

दिवा पिवळा झाला.

अण्णा दिव्याकडे बघत राहिले, आणि चादरीवरचा त्यांचा हात हळूहळू पालथा होऊ लागला. शालननं तो घट्ट धरला.

"होईल त्रास. रजा मिळवताना नाकी नऊ येतील. चिडेन, तुमच्यावर ओरडेनसुद्धा. तरी तुम्ही हवे आहात मला."

हिरवा.

"ओरड हो," अण्णा म्हणाले. "फक्त घरात हा दिवा आणू नको."

यावरही दिवा हिरवाच होता.

त्यांना आत नेल्यावर शालननं डोळे पुसले. "सोपं आहे ना हो ऑपरेशन?"

डॉ. तळवलकरांनी आधी हात लांब करून दिवा बंद केला.

"अगदी सोपं," त्या म्हणाल्या.

शालनला फार बरं वाटलं. त्यांच्या हातांकडे मात्र तिनं पाहिलं नाही.