दुसरी टिचकी

“पुन्हा उलटं. दहादा सांगितलं, एक डावीकडे, दोन उजवीकडे. पण या घरात ऐकतंय कोण.”

ही कुरकुर प्लायवूडच्या फळीखालून आली. फळीखाली तिचा नवरा पाठीवर पडला होता, ओठांत दोन स्क्रू धरून, आणि टॉर्च घेऊन ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उकिडवी बसली होती. आपण मनात बोलतोय अशी त्याची समजूत होती. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याचं मनातलं बोलणं तिला नेहमीच ऐकू आलं होतं. मोठ्यानं बोलायचं ते मात्र राहून जायचं.

“मी एक डावीकडेच केलं होतं,” ती म्हणाली.

“मग मांजरानं बदललं.”

“आपल्याकडे मांजर नाही.”

“तेच म्हणतोय मी.”

मागची खोली पूर्वी शिवणयंत्राची आणि न घडी केलेल्या कपड्यांची होती. आता तिथे विमानाचं नाक होतं. प्लायवूडचा सांगाडा, भंगारातून आणलेल्या गाडीच्या दोन खुर्च्या, समोर खिडकीच्या जागी मोठा टीव्ही आणि त्याखाली काळ्या पत्र्यात बसवलेले तीन जुने टॅबलेट. कॉम्प्युटरवर सिम्युलेटर सुरू केला की टीव्हीवर धावपट्टी यायची, टॅबलेटवर काटे आणि बटणं उजळायची, आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं इंजिनाच्या आवाजानं थरथरायची. शिवणयंत्र जिन्याखाली गेलं होतं. ते परत वर येईल ही आशा तिनं सोडली होती, तक्रार सोडली नव्हती.

नवरा बावीस वर्षं एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होता. क्लब बंद पडला तसा तो घरी बसला, आणि घरी बसलेला माणूस काहीतरी ठोकत बसतो. तिचं स्वतःचं काम नावाच्या पाट्या कोरण्याचं. दारावरची नावं, डॉक्टरांच्या वेळा, शाळेच्या ढालींवरची अक्षरं. क्लबाच्या विमानांतल्या बारक्या पट्ट्याही तीच कोरून द्यायची. या काचेवरच्या बटणांचं काम तिनं व्हिडिओ बघून बघून शिकून घेतलं, कारण नवऱ्याची बोटं जाड आणि धीर बारीक. कॉम्प्युटरवर चौकोन काढायचा, त्यावर नाव घालायचं, बोट लागलं की काय व्हावं ते सांगायचं, जतन करायचं. की तो चौकोन टॅबलेटवर हजर. अशी एकशे चौदा बटणं तिनं केली होती. एकशे बारा गुमान जागेवर राहायची.

उरलेल्या दोन म्हणजे इंधनाच्या काट्यांखालच्या पट्ट्या. डाव्या काट्याखाली ‘टाकी १’, उजव्याखाली ‘टाकी २’. रात्री ती नीट लावून झोपायची, सकाळी अदलाबदल झालेली.

पहिले काही दिवस ती नवऱ्यावर चिडली आणि तो तिच्यावर. मग तिनं फाइलला पासवर्ड घातला. सकाळी पट्ट्या उलट. तिनं टॅबलेटची वायर काढून ठेवली. सकाळी उलट. प्रत्येक वेळी एकाच मापाचा संताप करून माणूस दमतो. आताशा ती चहाचं आधण ठेवायची, आत जाऊन पट्ट्या सरळ करायची, आणि आधण उकळायच्या आत परत यायची. दूध उतू जाऊ नये म्हणून बघावं, तितपतच.

पण काच पुसताना तिला एक गोष्ट दिसायला लागली. बोट लागल्याचा डाग गोल, तेलकट असतो. डाव्या काट्यावर रोज जो डाग असायचा तो बारीक चंद्रकोरीसारखा होता. नखाचा. आणि नवरा बसायचा उजव्या खुर्चीत. नेहमी उजव्याच. डावी खुर्ची वैमानिकाची.

“तुम्ही काचेवर नख मारता का हो?”

“नखानं टच चालत नाही,” तो म्हणाला. “तूच शिकवलंस मला.”

नखानं काचेवर टिचकी मारायची सवय घरात एकालाच होती. तिच्या धाकट्या भावाला. तो त्याच क्लबात वैमानिक होता, आणि कुठलाही काटा दिसला की त्यावर दोनदा टिचकी मारल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. विमानातल्या काट्यावर, स्कूटरच्या, तिच्या घरातल्या वजनकाट्यावरसुद्धा. “पहिली टिचकी विचारायची, ताई,” तो म्हणायचा, “दुसरी मान्य करायची.” ती म्हणायची, “काच फुटली की तिसरी तुझ्या डोक्यात.”

साडेतीन वर्षांपूर्वी, क्लबातच दुरुस्त झालेलं विमान दुसऱ्या गावी पोचवायला तो एकटाच निघाला, आणि धावपट्टी अकरा किलोमीटरवर राहिली असताना शेतात पडला. एक टाकी कोरडी होती, दुसरी काठोकाठ. भरलेल्या टाकीवर यायला एक खटका फिरवायचा असतो. तो त्यानं फिरवलाच नव्हता. समोरचं काट्यांचं पॅनल चेपून त्याचा गोळा झाला होता, त्यामुळे त्यावरून काही कळलं नाही. चौकशीच्या कागदावर दोन शब्द आले. वैमानिकाची चूक.

भावजय ते दोन शब्द पदरात घेऊन जगत होती. दर भेटीत, निघताना, चपला घालता घालता म्हणायची, “भावोजी, त्याच्यापायी तुमचा क्लब बंद पडला. मला फार लाज वाटते.” आणि दर वेळी नवरा दाराच्या कडीकडे बघायचा, आणि ती म्हणायची, “अगं, असं नको बोलूस.” इतकंच म्हणायची.

हौस म्हणून विमानच करायचं तर नवऱ्यानं नेमकं तेच का निवडावं, हे तिनं एकदा विचारलं होतं. “हेच मला येतं,” तो म्हणाला होता. तिनं पुढे विचारलं नाही. तिच्या कामाच्या टेबलाच्या तिसऱ्या खणात एक पाकीट होतं, ते ती उघडत नसे, आणि नवरासुद्धा त्या खणातला स्क्रू-ड्रायव्हर घ्यायच्या ऐवजी शेजाऱ्यांकडे मागायला जायचा. त्यावरून तिला काय ते कळलं होतं. संसार असाही चालतो. एकाच खणाला दोघं वळसा घालतात.

गुरुवारी भावजयीचा फोन आला. बदली झाली होती, लांब. मुलीची शाळा तिकडेच. रविवारी दुपारी निरोपाला येते म्हणाली.

“आणि वन्सं, ते विमान मला दाखवायला सांगा भावोजींना. पोरगी परवा विचारत होती, बाबांना काटा वाचता येत नव्हता का. नेमकं कुठे चुकला तेवढं मला एकदा बघू दे.”

फोन ठेवून ती बराच वेळ ओट्याचा तोच कोपरा पुसत राहिली.

मग तिनं ठरवलं की हा खेळ आता पुरे. काचेवरची नावं तिनं काढूनच टाकली. मशीनवर खऱ्या पट्ट्या कोरल्या, काळ्यावर पांढरी अक्षरं, ‘टाकी १’, ‘टाकी २’, आणि त्या टॅबलेटच्या खाली पत्र्यावर चिकटवल्या. ज्या गोंदानं दुकानदार रस्त्यावरचे फलक लावतात, तो गोंद. मागे पेन्सिलनं काही लिहिलं नाही. कुठली पट्टी कुठे जाते याची खूण पट्टीच्या पाठीवर करायची तिची जुनी पद्धत होती. ती तिनं साडेतीन वर्षांपूर्वीच बंद केली होती. दोन तास पत्र्यावर वीट ठेवली. संध्याकाळी नखानं उचकटून बघितलं, हलेना.

“आता ये म्हणावं,” ती म्हणाली.

“कोणाला?” नवऱ्यानं विचारलं.

तिनं वीट उचलून अंगणात नेऊन ठेवली.

शुक्रवारी सकाळी आधण ठेवून ती आत गेली. डावीकडे ‘टाकी २’ होती.

गोंद जसाच्या तसा. कडेला ओघळलेला थेंबसुद्धा तिनं काल पाहिला होता तसाच, तिथेच. तिनं पातळ पातं घातलं आणि पट्टी उचकटायला घेतली. दहा मिनिटं लागली. स्वयंपाकघरात पाणी आटून भांडं करपल्याचा वास आला तरी ती उठली नाही. पट्टी निघाली. तिनं उलटी करून खिडकीशी धरली.

मागे पेन्सिलनं लिहिलं होतं, ‘डा’. ड चं पोट जरा मोठं, कान्याला खाली बाक. तिचंच अक्षर.

ती खुर्चीत बसणार होती. डावी खुर्ची जवळ होती. ती जमिनीवर बसली.

तेवढ्यात टिचकी ऐकू आली. काचेवर नख, एकदाच. नवरा बाहेर अंगणात झाडांना पाणी घालत होता, पाइपाचा आवाज येत होता. तिनं श्वास धरून दुसरीची वाट बघितली. दुसरी आली नाही.

दुपारी जेवताना पुन्हा. या वेळी नवरा तिच्या समोर होता, घास हातात. त्यानं तो तसाच ताटात ठेवला.

“तुम्हाला रोज ऐकू येते?”

“गेल्या वर्षापासून.” तो ताटाकडे बघत म्हणाला. “एकच येते.”

शनिवारी तिनं तिसरा खण उघडला. पाकीट जागेवर होतं. ती नेहमी पट्ट्यांचे दोन संच कापायची. एक द्यायचा, एक फुटला-तुटला तर ठेवायचा. आत ठेवणीतला संच होता, दोन्ही पट्ट्या अजून एकाच चिकटपट्टीवर जोडलेल्या. एक डावीकडे, दोन उजवीकडे. भावाच्या त्या विमानाच्या पट्ट्या कोरल्या त्या दिवशी तिनं अशीच जोडी वहीचं पान उलटावं तशी उलटली होती, आणि पाठीवर डाव्या हाताच्या पट्टीवर लिहिलं होतं ‘डा’, उजवीवर ‘उ’. पाठीमागून डावी असते ती पुढून उजवी होते, एवढं तिच्या डोक्यात आलं नाही. दुपारचे तीन वाजले होते, ढालींची घाई होती. आणि तिच्या खुणेवर डोळे मिटून भरवसा टाकणाऱ्या माणसानं पट्ट्या तोडून, खुणा बघून लावल्या. आकडे कोण बघतो. बायकोची खूण होती ना.

म्हणजे एकचा काटा दोनची टाकी दाखवत होता. त्याला भरलेली दिसली ती कोरडी होती, आणि कोरडी दिसली ती भरलेली. त्यानं टिचकी मारून विचारलं असणार. काट्यानं खोटं सांगितलं.

रविवारी भावजय आली. चहा झाला. बदलीचं घर, शाळेचा गणवेश, सामानाचा टेम्पो, सगळं बोलून झालं. मग भावजयीनं कप ठेवला.

“चला, भावोजी.”

आत गेल्यावर ती डाव्या खुर्चीकडे वळली.

“तिथे नको,” नवरा पटकन म्हणाला. “इकडे बस.” तिला उजवीकडे बसवून तो मागे उभा राहिला. बायको दाराशी उभी राहिली. पट्ट्या तिनं सकाळी स्वतः सरळ लावल्या होत्या. तिनं तिकडे बघायचं टाळलं, आणि मग बघितलं. डावीकडे ‘टाकी २’.

“त्या दिवसासारखंच लावा,” भावजय म्हणाली. “तेवढंच इंधन. तीच वाट.”

नवऱ्यानं लावलं. त्याला कागद बघावा लागला नाही.

धावपट्टी मागे गेली. शेतं, एक कालवा, पत्र्याची छपरं. डब्यांची झाकणं स्वयंपाकघरात थरथरत होती. खटका ‘टाकी १’ वर होता. पंधरा मिनिटं गेली.

मग झाकणं थांबली.

टीव्हीवर विमानाच्या नाकावरच्या पंख्याचं पातं आडवं थांबलं. शेतं जवळ यायला लागली.

भावजय पुढे वाकली. एकेक पट्टी बोट ठेवून वाचत गेली.

“पण भावोजी, एक तर भरलेली दाखवतेय.”

नवऱ्याचा हात कीबोर्डकडे गेला.

“थांबवू नका,” दारातून ती म्हणाली.

“भरलेली दिसत असताना तो खटका कशाला फिरवेल?” भावजयीनं मागे वळून दोघांकडे बघितलं. “मग चुकला कुठे?”

डाव्या काट्यावर टिचकी वाजली.

भावजयीचे दोन्ही हात मांडीवर होते. नवऱ्याचे खुर्चीच्या पाठीवर. भावजयीनं तो आवाज ओळखला, कारण तिचा चेहरा रिकाम्या खुर्चीकडे वळला आणि तिथेच राहिला.

शेतातली एकेक ओळ आता दिसत होती.

“तो चुकला नाही,” दारातून ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला, पाटीवरचं नाव गिऱ्हाइकाला वाचून दाखवताना निघतो तसा. “पट्ट्या उलट लागल्या होत्या. खुणा मी चुकीच्या केल्या, यांनी तशाच लावल्या. आम्हा दोघांना साडेतीन वर्षांपासून माहीत आहे. त्याला आम्ही मारलं आणि नाव त्याचं लावलं.”

टीव्ही काळा झाला. खोलीत नुसता कॉम्प्युटरचा पंखा उरला.

मग डाव्या काचेवर, अगदी हलक्या नखानं, दुसरी टिचकी वाजली.